शेरा: गेली

होळीला पंधरा दिवस होते आणि कागदावर माझ्या पाड्यांतल्या सात बाया मेल्या होत्या.

हे मला डहाणूत, संस्थेच्या ऑफिसात, पंख्याखाली बसवून सांगण्यात आलं. सांगणारे आमचे सर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते संस्थेचं आमच्या भागातलं काम बघतात. त्यांनी आधी मला पाणी दिलं. बाजारात मी इतकी वर्षं काढली आहेत की समोरचा न मागता पाणी देतो तेव्हा भाव पडला आहे हे मला कळतं.

सरांच्या हातात अहवालाचा मसुदा होता. आदिवासी बायांच्या बाळंतपणात आणि बाकीच्या बायांच्या बाळंतपणात जो फरक पडतो, तो वस्तीतल्याच बायांना मिळून कमी करता येतो का, हे तपासायला पुण्याहून एक मॅडम येऊन गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की तलासरीकडच्या सहा पाड्यांत, म्हणजे मी सांभाळते त्यांत, माझ्या वहीत नाव असलेल्या गरोदर बायांपैकी सात जणी एका हंगामात दगावल्या. असं असेल तर काम चालू ठेवणं योग्य नाही. मुंबईतले जे लोक या कामाचं पुढे काय करायचं ते ठरवतात, त्यांची बैठक आठ दिवसांवर होती.

मी उठून उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. खालचा झेरॉक्सवाला जिना चढून बघायला आला, एवढं सांगते.

माझा दम संपेपर्यंत सर थांबले. मग म्हणाले, "ताई, तुम्हीच लिहिलंय."

त्यांनी वही पुढे सरकवली. नाव, पाडा, कितवा महिना, तपासणी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात सात ठिकाणी, माझ्याच अक्षरात, एकच शब्द होता. गेली.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीनंतर, भाताची झोडणी झाली की अर्धा पाडा बाहेर पडतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी वाडीत, कोणी बोटीवर. याला आम्ही जगायला जाणं म्हणतो. कामाला जाणं नाही, जगायला जाणं. पूर्ण कोणी म्हणत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. दारात काटेरी फांद्या लावलेल्या दिसल्या की शेजारीण म्हणते, गेली. झालं. आणि मेलेल्या माणसाला आम्ही मेला म्हणतो. तो ‘गेला’ असं हळू आवाजात म्हणायची रीत शहरातली. ती आमच्या पाड्यावर अजून पोचलेली नाही.

मी वहीत गेली लिहिलं ते त्या अर्थानं. ऑफिसात ज्यानं ते कम्प्युटरवर चढवलं त्यानं मृत्यूच्या चौकटीवर टिचकी मारली. मॅडमना शंका आली असावी, कारण त्या एकदा मला न घेता स्वतः पाड्यावर गेल्या होत्या. दाराला काटे. शेजारच्या म्हातारीला विचारलं, ही बाई कुठे आहे? म्हातारी म्हणाली, गेली. मॅडमनी मान खाली घातली असेल आणि पुढच्या घरी गेल्या असतील.

माझा राग आहे तो या चुकीवर नाही. चुका मीही करते. माझा राग आहे तो एवढ्यावरच की सात बाया मेल्या हे सगळ्यांना लगेच पटलं. दवाखान्यात त्यांची नोंद नव्हती, ग्रामपंचायतीत नव्हती, तरी कोणाला नवल वाटलं नाही. आदिवासी बाया नोंद न होताच मरतात हे त्यांना आधीपासून माहीत होतं. डहाणूच्या सरकारी कॉलनीतल्या सात गरोदर बाया एका हंगामात मेल्या असं कागदावर आलं असतं, तर लोकांनी कागदाला खोटं ठरवलं असतं. आमच्या बाबतीत कागद खरा ठरला. हे मी तेव्हाही बोलले, आजही बोलते, आणि कोणी विषय काढला तर उद्याही बोलेन.

मी स्वतः वारली. चौथीपर्यंत शिकले. तलासरीच्या नाक्यावर डोक्यावरची पाटी उतरवून काकड्या विकायला बसायचे, तिथून सुरुवात. आता वाणगावच्या मिरचीवाल्यांकडून माल उचलते आणि वापीच्या बाजारात नेते. पिकअप माझी आहे, चालवतो माझा नवरा, आणि बोलायचं काम माझं. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही मी बाजारात शिकले. ‘तुम्ही’ हा शब्दसुद्धा मी बाजारातच शिकले. आमच्या बोलीत सासऱ्यालाही तू, तलाठ्यालाही तू, देवालाही तू.

याच शब्दापायी मी या कामात आले. माझी धाकटी बहीण पहिल्या खेपेला कळा घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तिनं तिथल्या बाईला म्हटलं, "तू बघ ना माझ्याकडं." त्या बाईला ते लागलं. तू कोणाला म्हणतेस, रानात आलीस का, वगैरे झालं, आणि बहीण गप्प झाली. आमची माणसं अपमान झाला की भांडत नाहीत, गप्प होतात. ती गप्प बसली म्हणून कोणी बघितलं नाही. दुपार झाल्यावर बघितलं तेव्हा म्हणाले, इथं होणार नाही, वलसाडला न्या. बहीण वाचली. बाळ नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी संस्था आली आणि त्यांनी सोबतीणींची योजना काढली. पाड्यातलीच एक बाई गरोदर बाईबरोबर तपासणीला जाणार, बाळंतपणाला जाणार, शेवटपर्यंत तिथंच बसणार आणि तिच्या वतीनं बोलणार. बरोबर एक जीप ठरवलेली. मी सहा पाडे घेतले. दवाखान्यात मी जशी भाव करते तशी कोणी करत नाही. खाट द्या, नसेल तर बाक द्या, बाक नसेल तर डॉक्टर कधी येणार ती वेळ द्या. काहीतरी घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. मी येताना दिसले की तिथल्या बाया एकमेकींना म्हणतात, आली बघ मिरची. म्हणू देत. माझ्या बायांकडे बघितलं तर जातं.

आणि हेच आता बंद होणार होतं. पाड्यांत तेव्हा दोघींना नववा लागला होता.

मी सरांना म्हटलं, मॅडमना फोन लावा. लावला. मॅडम चांगल्या बोलल्या. ताई, चूक असेल तर मी नक्की दुरुस्त करीन, पण पुरावा लागेल. सातही जणींचे फोटो पाठवा, आजच्या तारखेचे. मी म्हटलं, फोटो पाठवले तर तुम्ही म्हणाल दुसऱ्याच बायांचे आहेत. आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो तुम्हाला. तुम्ही या. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे एकच दिवस आहे. मी म्हटलं तीन. शेवटी दोन दिवसांवर सौदा झाला. राहायचं माझ्या घरी, जेवायचं जे असेल ते, आणि पिकअपमध्ये पुढच्या सीटवर, माझ्या आणि खिडकीच्या मध्ये.

सर दारापर्यंत सोडायला आले. त्यांना वाटलं मी शांत झाले. मी शांत वगैरे झाले नव्हते. भट्टीवर माणसं मरतात. चार महिने झाले होते. मी लिहिलं होतं जगायला गेल्या, पण त्या जगल्या का हे मीही जाऊन बघितलं नव्हतं. फोनवर बोलताना माझा आवाज जेवढा मोठा होता तेवढी माझी खात्री नव्हती.

मॅडम ठरल्या दिवशी सकाळी आल्या. वय माझ्या भाचीएवढं. मागच्या खेपेला त्यांनी पाड्यावर बायांना प्रश्न विचारले होते तेव्हा मी तिथं होते. दवाखान्यात तुम्हाला सन्मान मिळाला का, पूर्णपणे सहमत, सहमत, असहमत. एक आजीबाई म्हणाली, सन्मान कोण तो? मला भेटला नाय, त्या दिवशी सुट्टीवर असंल. सगळ्या हसल्या होत्या, मॅडमही. म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडी आशा होती.

पहिली झाईला सापडली, समुद्राजवळच्या चिकूच्या वाडीत. चिकू निवडत बसली होती, मूल पाठीला. ते दवाखान्यातच झालं होतं, वाडीच्या मालकिणीनं नेलं होतं. मॅडमनी फोटो काढला, तारीख लिहिली. मला वाटलं, एक.

दोघी फोनवर मिळाल्या. त्यांच्या मुकादमाला मी ओळखत होते, माझ्याकडून मिरची घेतो. व्हिडिओ लावून त्याने दोघींना समोर उभं केलं. एकीनं मॅडमना विचारलं, आमचं काय चुकलं? मॅडम म्हणाल्या, काही नाही, तुम्ही बऱ्या आहात ना एवढंच बघायचं होतं. ती म्हणाली, मग बघ. आणि उभी राहिली, लग्नात फोटोला राहतात तशी.

तिघी वापीच्या पलीकडच्या भट्टीवर होत्या. तिथे फाटकावरचा माणूस आत सोडेना. सेठ नाही, परवानगी नाही. मॅडमनी ओळखपत्र काढलं तर तो आणखीच घाबरला, त्याला वाटलं लेबर ऑफिसातल्या. मी मॅडमना गाडीत बसायला सांगितलं आणि गुजरातीत सुरू झाले. आधी त्याच्या गावाची चौकशी, मग उन्हाची, मग माझ्या भाचीच्या बाळाला बघायला आले म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बेन, पण दहा मिनिट." मी अर्धा तास म्हटलं. वीस मिनिटं मिळाली.

तिघी होत्या. तिघीही. एक चिखल तुडवत होती, एक विटा थापत होती, एक झोपडीत बाळाला घेऊन पडली होती. मी कमरेवर हात ठेवून तिघींना पुन्हा एकदा मोजलं. खाली विटांच्या ढिगावर बसले. मॅडमना वाटलं ऊन लागलं.

विटा थापणारीला मी सांगितलं, तू कागदावर मेलेली आहेस. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "मेली तर ह्या विटा कोण थापतंय? त्याला सांग, भूत लय कामाचं हाय." तिघी खिदळायला लागल्या. मॅडम हसल्या नाहीत. झोपडीतल्या बाईजवळ बसून त्यांनी बरंच काही विचारलं. बाळ कुठं झालं, कोण होतं, लस कुठली दिली. बाळ झोपडीतच झालं होतं. लस एकही नव्हती.

परतताना त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पानं चाळली. मग म्हणाल्या, "ताई, त्या जिवंत आहेत, माझी चूक झाली. पण सातव्या महिन्यात त्या तुमच्या वहीतून बाहेर पडल्या, आणि नंतर त्यांचं काय झालं ते तुम्हालाही माहीत नव्हतं."

मला हे लागलं. मी म्हटलं, भट्टी काय मी चालवते? मॅडम म्हणाल्या नाही. मी म्हटलं, घरी धान्य असतं तर त्या गेल्या असत्या? मॅडम म्हणाल्या नाही. मला भांडायला काही शिल्लक ठेवत नव्हत्या. थोड्या वेळानं मीच म्हटलं, झोपडीतल्या त्या बाळाला लस द्यायला वापीत कुठं न्यायचं ते बघायला पाहिजे. त्यांनी ते लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या आत कोणाशी तरी फोनवर बोलून ठरवलंही. त्या बाबतीत त्या माझ्याइतक्याच चिवट होत्या.

राहिली सातवी.

सातवीबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती जगायला गेलीच नव्हती. पावसाळ्यानंतर ती दोनदा तपासणी चुकवून घरी बसली. मी तिच्या दारात जाऊन तिला बोलले. माझ्या बहिणीचं बाळ, मनात साठलेलं, सगळं तिच्यावर काढलं. पाड्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला काटे होते. मी वही उघडली आणि रागानं लिहिलं, गेली. म्हणजे गेली तर जाऊ दे. इतर सहा जणींच्या शेऱ्यात आणि हिच्या शेऱ्यात हा फरक होता, आणि तो फक्त मला ठाऊक होता. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. ती कुठं आहे हे पाड्यावर कोणी मला सांगत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून, की मी विचारतेय म्हणून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्याच उठून पाड्यावर गेल्या, एकट्या. अर्ध्या तासात पत्ता घेऊन आल्या. सरावली, डहाणू रोडच्या बाजूला, आतेच्या घरी. मी चार महिने ज्याचा विचार टाळत होते तो पत्ता एका परक्या बाईला भाकरी खाताखाता मिळाला.

सरावलीला मी गाडीतून उतरले नाही. नवरा म्हणाला, उतर की. मी म्हटलं, मॅडम बघून येतील. काच खाली करून बसले. घराच्या ओट्यावर एक बाई पाठमोरी बसून सुपात तांदूळ निवडत होती. मॅडमनी हाक मारली, ती वळली, आणि तिच्या मांडीवर बाळ होतं. चांगलं गुटगुटीत, डोळ्यांत काजळ घातलेलं. मी दार उघडून उतरले कधी ते मला आठवत नाही.

तिनं मला बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. "ये बाय. बस. वरडू नको, आता झोपला."

मी बसले. बाळंतपण कुठं झालं, मॅडमनी विचारलं. दवाखान्यात, म्हणाली. तालुक्याच्याच. कोण होतं बरोबर? कोणी नाय. आते खाली रिक्षाजवळ. एकटी आत गेले. तिथल्या बाईला म्हटलं, तू माझं कार्ड बघ, तीन तपासण्या झाल्यात, दोन चुकल्या, आता कळा येतात, मला खाट दे. तिनं दिली.

मॅडम म्हणाल्या, त्यांना ‘तू’ म्हटलंत?

"मग काय म्हणू? ती म्हणाली, बस ताई."

तिला मी एकच विचारलं. मला का नाही बोलावलंस? मी आले असते.

तिनं बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "तू वरडतेस. नर्स पण वरडते. कळा यायला लागल्यावर एकच वरडणारी पुरे."

माझा नवरा गाडीजवळ उभा होता. तो इतका हसला की त्याला तोंड फिरवून कुंपणाकडे बघावं लागलं. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी बाळाला उचललं. ते जड होतं. तेवढं मला पुरेसं होतं.

बैठक झाली. सात जणींची नावं मृतांमधून काढली. सोबतीणींचं काम आणि जीप आणखी दोन वर्षांसाठी चालू ठेवायचं ठरलं. सरांचा फोन आला तेव्हा मी वाणगावला मिरचीच्या राशीपुढे उभी होते. फोन ठेवला आणि मिरचीवाल्यानं सांगितलेल्या भावाला हो म्हणून बसले. तो माणूस दचकला. त्याला वाटलं मला बरं नाही.

छापील अहवाल नंतर आला. त्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, की अल्पशिक्षित स्वयंसेविकेच्या नोंदीतील भाषेच्या संदिग्धतेमुळे सुरुवातीच्या आकड्यांत चूक झाली होती. मी सरांना म्हटलं, माझ्या भाषेत काही संदिग्ध नाही, आमच्या पाड्यावरच्या शेंबड्या पोराला विचारा. तुम्हाला कळलं नाही असं लिहा. सर म्हणाले, आता छापून झालंय. मॅडमनी फोन करून सांगितलं की ती ओळ त्यांची नाही, वरून कोणी घातली. असेल. माफी मात्र मॅडम सोडून कोणी मागितली नाही, आणि मॅडमनी ती भट्टीवरून येताना गाडीतच मागून टाकली होती. त्या ओळीवरून मी अजून भांडते आहे. दुसऱ्या आवृत्तीत ती निघेल, न निघेल.

नवीन वहीत शेऱ्याच्या जागी तीन रकाने आहेत. कुठं गेली, कोणाबरोबर, तिथला जवळचा दवाखाना कोणता. हे तिन्ही मी आणि मॅडमनी बसून ठरवले. त्यांना पाच हवे होते.

वही हातात आल्यावर मी पुन्हा सरावलीला गेले. सातवी आता पाड्यावर परतायच्या तयारीत होती. मी तिला म्हटलं, तू सोबतीण हो. तुला खिडकीत कसं बोलायचं ते येतं. माझ्या सहा पाड्यांपैकी एक तू घे, झऱ्याजवळचा, घरं कमी आहेत. तिनं बाळाचं झबलं वाळत घातलं, चिमटा लावला, आणि म्हणाली, तीन दे. मी म्हटलं, तीन? काल बाळंत झालीस. ती म्हणाली, तीन दे नायतर ऱ्हाऊ दे.

दोनावर मिटलं. मी एक द्यायला गेले होते.